वराडचा नातू, आयर्लंडचं मतदान आणि आपला सातबारा

मालवण तालुक्यातल्या वराड गावाचं नाव २०१७ साली एकदम जगभरच्या वर्तमानपत्रांत आलं. लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले होते आणि त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर मूळचे इथले. २०१९च्या डिसेंबरात लिओ सहकुटुंब वराडला येऊन आजोबांचं घर बघून गेले, तेव्हा गावाने कौतुकाने त्यांचं स्वागत केलं. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी २०१५च्या जानेवारीत, आरोग्यमंत्री असताना, रेडिओवर सांगून टाकलं होतं. इथे कोणाला ते माहीत नव्हतं अशातला भाग नाही. त्यावर कोणी फार बोललं नाही, इतकंच. आपला माणूस मोठा झाला की त्याचं बाकीचं पोटात घालायचं, ही आपली जुनी रीत. मोठा न झालेल्याचं काय करायचं, ते मात्र ठरलेलं नाही.

वराडकरांमुळे आयर्लंडच्या सार्वमताचा दाखला आमच्याकडे गजालीत दोन्ही बाजूंनी दिला जातो. समलिंगी जोडप्यांना हक्क मिळावेत म्हणणारे सांगतात, बघा, कॅथलिक देश असून लोकांनी भरभरून मत दिलं, आपल्याकडेही लोकांना विचारलं पाहिजे. विरोधातले तर आधीच खात्रीने बसलेले असतात: "मगे लोकांकाच विचारा. काय तां होवंदे." एरवी पाण्याच्या टाकीच्या जागेवरूनही ज्यांचं जमत नाही त्यांचं इथे चक्क एकमत आहे. मला ते पटत नाही. कुटुंबकायद्यात कोणाला जागा द्यायची हा प्रश्न मतपेटीत टाकायचा नसतो, आणि आपल्याकडे तर त्याची उत्तरं दिल्लीच्याही आधी तलाठी कार्यालयात अडतात, असं माझं म्हणणं आहे.

आयर्लंडचा दाखला माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध सगळ्यात जड आहे, म्हणून आधी तोच घेतो. २२ मे २०१५ला तिथे मतदान झालं. ६२ टक्के लोकांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने कौल दिला. ४३ मतदारसंघांपैकी फक्त एकात 'नको'ची बाजू जिंकली. परदेशी गेलेली तरुण मुलं खास मत द्यायला विमानाने, बोटीने घरी परतली. चाकरमान्यांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ते दृश्य कळायला वेळ लागत नाही. पण दोन गोष्टी या दाखल्यातून नेहमी गळतात. एक म्हणजे, तिथे घटना बदलायची तर सार्वमत घ्यावंच लागतं, हौस म्हणून घेतलेलं नव्हतं. दुसरं, मतदानाच्या दोन वर्षं आधी त्यांनी शंभर जणांची एक घटना परिषद बसवली होती. ६६ सामान्य नागरिक, यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले, ३३ राजकारणी आणि एक अध्यक्ष. त्यांनी तज्ज्ञांना ऐकलं, विरोधकांना ऐकलं, समलिंगी जोडप्यांनी वाढवलेल्या मुलांना ऐकलं, आणि २०१३च्या एप्रिलमध्ये ७९ टक्क्यांनी शिफारस केली. माणसं शांतपणे एका खोलीत बसून बोलली, ती गोष्ट घेण्यासारखी आहे. आपण मात्र निकालाचा आकडा तेवढा उचलून आणतो.

शिवाय आयर्लंडची गोष्ट २०१५मध्ये संपत नाही. ८ मार्च २०२४ला, महिलादिनी, त्याच देशात कुटुंबाच्या व्याख्येवर पुन्हा मतदान झालं. विवाहावर उभं असलेलं ते कुटुंब, एवढीच व्याख्या न ठेवता 'टिकाऊ नात्यां'वर उभं असलेलंही कुटुंबच मानावं, असा प्रस्ताव होता. पंतप्रधान होते वराडकरच. ६७ टक्क्यांहून जास्त लोकांनी तो आपटला. घरातल्या देखभालीबद्दलचा दुसरा प्रस्ताव तर जवळजवळ ७४ टक्क्यांनी पडला. दोन आठवड्यांच्या आत वराडकरांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. नऊ वर्षांत आयरिश माणूस काही सनातनी झाला नव्हता. टिकाऊ म्हणजे किती वर्षं, वारसाहक्काचं काय, कराचं काय, हे सरकारला धड सांगता आलं नाही, आणि ज्याचा अर्थ कळत नाही त्यावर लोकांनी शिक्का मारला नाही. शहाणपणाचंच केलं म्हणायचं. पण त्या दिवशी लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या, एकट्याने मुलं वाढवणाऱ्या कितीतरी घरांना घटनेत मिळू घातलेली जागा गेली, आणि तीही त्यांच्या स्वतःच्या कोणत्या दोषामुळे नव्हे, मसुदा ढिला होता म्हणून.

बाकीच्या देशांचं चित्र आणखी सरमिसळ आहे. क्रोएशियात २०१३मध्ये जेमतेम ३८ टक्के मतदान झालं, त्यातल्या दोनतृतीयांश लोकांनी विवाह म्हणजे स्त्री-पुरुषाचाच असं घटनेत लिहून घेतलं, आणि पुढच्याच वर्षी संसदेने समलिंगी जोडप्यांसाठी भागीदारीचा कायदा करून टाकला. स्लोव्हेनियात लोकांनी २०१२ आणि २०१५ असं दोनदा नाही म्हटलं, शेवटी २०२२मध्ये घटना न्यायालयाने हो म्हटलं. क्युबाने २०२२च्या सप्टेंबरात चारशेहून जास्त कलमांची अख्खी कुटुंबसंहिताच एका हो-नाहीवर मताला टाकली. आजी-आजोबांचे हक्क, मुलांचा सांभाळ, समलिंगी विवाह, सगळं एका पिशवीत. जवळपास ६७ टक्के लोकांनी ती उचलली. एकपक्षीय राज्यातल्या हो-नाहीला किती वजन द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. स्वित्झर्लंड तर सार्वमताचं माहेरघर. तिथे बायकांना मताचा हक्क द्यावा का हे १९५९मध्ये पुरुषांना विचारलं, ६७ टक्के पुरुष नाही म्हणाले. तोच प्रश्न १९७१मध्ये पुन्हा विचारल्यावर हो म्हणाले. मधली बारा वर्षं बायकांनी काय करायचं होतं?

सार्वमताला माझा सरसकट विरोध नाही. आपल्या किनाऱ्यावर एक झालेलं आहे आणि ते योग्य होतं. १६ जानेवारी १९६७ला गोव्यात जनमत कौल घेतला गेला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. आपल्या घटनेत सार्वमताची तरतूद नसल्यामुळे संसदेला त्यासाठी १९६६मध्ये वेगळा कायदा करावा लागला. मतपत्रिकेवर विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. १,७२,१९१ मतं वेगळं राहण्याच्या बाजूने, १,३८,१७० विलीनीकरणाच्या. सावंतवाडीत आजही असे वृद्ध भेटतात ज्यांना तो निकाल बोचतो. बोचू दे. पण त्या मतदानात एक गोष्ट रास्त होती. काणकोणच्या बागायतदाराला आणि पेडण्याच्या कुळाला निकालाचं बरंवाईट सारखंच भोगायचं होतं. ज्याने मत दिलं त्याच्याच दारात त्याचं फळ येणार होतं. समलिंगी जोडप्याच्या हक्कावर मत घेतलं तर देणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या घरात दुसऱ्या दिवशी काहीही बदलणार नाही. त्यांचं लग्न तसंच, जमीन तशीच, मुलं तशीच. ज्यांचं सगळं बदलणार ते मूठभर, आणि त्यातलेही बरेच तोंड लपवून बसलेले. एकाने भोगायचं आणि शंभरांनी ठरवायचं, याला कौल म्हणत नाहीत.

कोकणात त्याला गावकी म्हणतात. गावकीचे उपकार मी नाकारत नाही. पालखी, देवळाचा जीर्णोद्धार, साकव, पाखाडी, सगळं तिनेच उभं केलं. पण तिने वाळीतही टाकलं आहे. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३मध्ये शारदा सदनात शिकणाऱ्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा विधवाविवाहाचा कायदा होऊन ३७ वर्षं लोटली होती. तरी दापोलीजवळच्या मुरुडकरांनी सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. सभा व्यवस्थित झाली असणार, बहुमतही स्वच्छ असणार. १८५६चा कायदा मुरुडच्या होकारासाठी थांबला असता तर किती थांबावं लागलं असतं याचा हिशेब आज मुरुडला पर्यटकांना 'हे महर्षी कर्व्यांचं गाव' असं अभिमानाने सांगणाऱ्यांनीच करावा. आणि हे सगळं जुनं झालं असंही नाही. रायगड-रत्नागिरीतल्या वाळीत प्रकरणांच्या बातम्या इतक्या येत राहिल्या की महाराष्ट्राला २०१६मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. गावाने हात वर करून कोणाचं पाणी, किराणा, स्मशान तोडू नये यासाठी राज्याला मध्ये पडावं लागलं, तेही आपल्याच जिल्ह्यांच्या अनुभवामुळे. बहुमत कुठे थांबलं पाहिजे हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावं लागू नये, तर ते कोकणाला.

आता आपल्याकडे काय झालंय ते. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७मधून प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना मोकळं केलं. १७ ऑक्टोबर २०२३ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की विवाह हा मूलभूत हक्क नाही, आणि तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने भागीदारीची कायदेशीर मान्यताही नाकारली. ते काम संसदेचं. २०२५च्या जानेवारीत फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. संसदेने काय केलं? सुप्रिया सुळे यांनी २०२२मध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक मांडलं होतं. खासगी विधेयक शेवटचं मंजूर झालं ते १९७०मध्ये, यावरून त्याचं भवितव्य कळावं. सरकारने कॅबिनेट सचिवांची समिती नेमली, २०२४मध्ये काही पत्रकं निघाली: संयुक्त बँक खातं उघडता येईल, जोडीदाराला नॉमिनी करता येईल, रेशनकार्डावर एक कुटुंब धरावं, आणि जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता येईल. शेवटच्या वाक्यातलं 'नसतील तर' नीट वाचा. न्यायालय म्हणतं संसदेने करावं, संसद गप्प, आणि मधल्या पोकळीत 'मग लोकांना विचारा' हा आवाज घुमतो.

या पोकळीत राहणाऱ्यांना एक सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो चांगल्या मनाची माणसं देतात. लग्नबिग्न कशाला हवं, मृत्युपत्र करून टाका की. मुंबईच्या फ्लॅटपुरता हा सल्ला बराचसा चालतो. कोकणात तो आपटतो, आणि कुठे आपटतो ते सांगतो.

समजा दोन पुरुष वीस वर्षं एकत्र राहिले. एकाची वडिलोपार्जित आंब्याची कलमं, देवगडच्या बाजूला. दुसरा मूळचा मुंबईचा, गिरणगावातला, नावावर शेतजमिनीचा तुकडा नाही. फवारणीचे पैसे यानेही घातले, राखणीला रात्री यानेही काढल्या, पेट्या वाशीला यानेही पाठवल्या. पहिला गेला. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज जातो, सोबत वारसांचं प्रतिज्ञापत्र. अनुक्रमांक, नाव, वय, मयताशी नाते, पत्ता. चौथ्या रकान्यात लिहिता येईल असं या माणसाकडे काही नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात आई आहे, वडील आहेत, भाऊ-बहिणी, पुतणे, मग सगोत्र, मग भिन्नगोत्र, आणि कोणीच सापडलं नाही तर सरकार. जोडीदार सरकारच्या मागेसुद्धा नाही. ज्या चुलतचुलत्याने पंचवीस वर्षांत बागेत पाऊल टाकलं नाही तो मात्र आहे.

बरं, मृत्युपत्र होतं असं धरू. आता १९४८चा कुळकायदा येतो. त्याच्या कलम ६३प्रमाणे मालकाला शेतकरी नसलेल्या कोणालाही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. मृत्युपत्राने देता येते की नाही यावर वाद होता. गुजरातेत चालू असलेल्या याच कायद्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये निकाल दिला की शेतकरी नसलेल्याच्या नावे मृत्युपत्रानेही शेतजमीन जाऊ शकत नाही. आपल्याकडच्या एखाद्या पुतण्याला हा निकाल वकिलाने दाखवला की झालं. बायकोला ही अडचण कधीच येत नाही. ती दादरच्या चाळीत वाढलेली असो, तिने आयुष्यात कोयती हातात धरलेली नसो, नवरा गेला की ती वारस म्हणून सातबाऱ्यावर येते. जिवंतपणी बक्षीसपत्र करायचं म्हटलं तरी तेच: नवरा-बायको किंवा मुलं-नातवंडं असतील तर शेतजमिनीवर किंवा राहत्या घरावर मुद्रांक २०० रुपये, इतरांना बाजारभावावर टक्क्यांनी, आणि जमीन शेतीची असेल तर शेतकरी असल्याचा दाखला आधी. बँकेतल्या नॉमिनीवरही फार विसंबू नये. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे शेवटी वारसांचे, हे न्यायालयं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत, आणि २०२३च्या डिसेंबरात शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं.

यातला एकही मुद्दा प्रेमाचा नाही, धर्माचा नाही. सगळे फेरफाराचे, म्हणजे कागदावर नाव चढण्याचे आहेत. सार्वमताच्या मतपत्रिकेवर कलम ६३ येईल का? तिथे संस्कृती येईल, परंपरा येईल, टीव्हीवर रात्री नऊला आरडाओरडा येईल.

बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की कुटुंबकायदा बदलतो. गोव्यात १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता कौटुंबिक बाबतीत अजून पाया आहे, आणि समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की सगळे गोव्याकडे बोट दाखवतात. तिच्यात खरंच चांगलं बरंच आहे. लग्न नोंदवावंच लागतं, आणि वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता अर्धी-अर्धी. पण ज्या पोर्तुगालचा तो कायदा, त्याने स्वतःची संहिता कधीच बदलली आणि २०१०मध्ये समलिंगी विवाहही मान्य केला. तेव्हा सार्वमत घ्या म्हणून मोठी मागणी झाली होती, पोर्तुगीज संसदेने ती फेटाळली आणि स्वतः मत देऊन मोकळी झाली. आपण त्यांचा दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा आदर्श म्हणून मिरवतो आणि उत्तराखंडात २०२५पासून लागू झालेल्या समान नागरी संहितेत, लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांची नोंदणी सक्तीची करतानाही, ती पुरुष आणि स्त्रीपुरतीच ठेवतो. 'समान' असं नाव दिलेल्या कायद्यात इतकी जागा तर व्हायला हवी होती.

हे सगळं शहरी, उच्चभ्रू लोकांचं खूळ आहे, असं केंद्राने न्यायालयात म्हटलं होतं. कोकणात बसून हे वाचताना हसू येतं. इथे शहरी कोण आणि गावचा कोण? चतुर्थीच्या आठवड्यात तुतारी एक्सप्रेसच्या डब्यात उभं राहून ठरवून दाखवावं. आमची निम्मी गावं मुंबईच्या पैशावर उभी राहिली. नवरा परळला, बायको गावात, सासू-सून-जावा मिळून शेती, मुलं मामाकडे, अशी घरं पिढ्यानपिढ्या चालली आणि त्यांना कोणी मोडकं कुटुंब म्हटलं नाही. पुस्तकातल्या चौकोनी कुटुंबाशी कोकणचा संबंध फार जुना नाही.

आता खरा आक्षेप. लोकांच्या मनाशिवाय आलेला कायदा कागदावरच राहतो, असं म्हणणाऱ्यांना मी उडवून लावणार नाही. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा महाराष्ट्रात १९९४मध्ये राज्याच्या दुरुस्तीने, आणि त्याआधी लग्न झालेल्यांनाही २००५मध्ये केंद्राच्या दुरुस्तीने मिळाला. सार्वमत घेतलं असतं तर कोकणातल्या कुठल्या वाडीने त्याला हात वर केला असता, मला शंका आहे. आणि कायदा आला तरी आजही बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात. भावाशी वाकडं नको, माहेर तुटायला नको, गणपतीला हक्काने यायचं आहे. म्हणजे कायदा हरला का? मला तसं वाटत नाही. पूर्वी बहिणीला कोणी विचारतच नव्हतं. आता भावाला जमीन विकायची असली, घर बांधायला कर्ज काढायचं असलं, तर बहिणीच्या दारात जावं लागतं. डोंबिवलीला, विरारला, पेढे घेऊन. ती सही देते, पण आधी दोन गोष्टी ऐकवते. एखादी देतही नाही. तिचं नाव सातबाऱ्यावर आहे म्हणून हे संभाषण होतं. लोकांचं मन बदलायला असली संभाषणंच लागतात, आणि ती नाव कागदावर चढल्यावर सुरू होतात.

संसदेने भागीदारीचा कायदा करावा, त्याला विवाह म्हणायचं की आणखी काही यावर वाद घालत बसायची माझी इच्छा नाही. पण तोपर्यंत महाराष्ट्रालाही हात बांधून बसायचं कारण नाही. जमीन हा राज्याचा विषय आहे, मुद्रांकातली सूटही राज्यच देतं. कुळकायद्याच्या कलम ६३मध्ये, नोंदणी केलेल्या मृत्युपत्रात किंवा बक्षीसपत्रात ज्याला जोडीदार म्हणून घोषित केलं आहे त्याला शेतकरी असण्याच्या अटीतून सूट, आणि २०० रुपयांच्या मुद्रांकाच्या यादीत त्याच घोषित जोडीदाराची भर. दोन ओळींच्या दोन दुरुस्त्या. त्याचा फायदा समलिंगी जोडप्यांइतकाच म्हातारपणी एकत्र राहणाऱ्या दोन विधवा जावांना आणि लग्न न केलेल्या मैत्रिणींनाही होईल. कोकणातल्या कुठल्याही आमदाराला हे पुढच्या अधिवेशनात मांडता येईल, आणि आंब्याच्या नुकसानभरपाईचा प्रश्न दरवर्षी मांडून ज्यांना कंटाळा आला असेल त्यांना तर एक नवा विषयही मिळेल.